नवी पर्यायी बास्केटबॉल लीग: व्यवसाय म्हणून कशी तपासावी आणि कशी उभारावी

१९४६ साली 'बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका' स्थापन झाली, तेव्हा तिच्यामागचे बहुतेक जण बास्केटबॉलचे जाणकार नव्हते. ते मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांचे आणि आइस हॉकी संघांचे मालक होते, आणि हॉकीचा सामना नसलेल्या रात्री रिकामी पडणारी क्रीडागृहे कशी भरायची, हा त्यांचा प्रश्न होता. पहिल्या हंगामात ११ संघ उतरले आणि त्यांतले ४ दुसऱ्या हंगामापूर्वीच बंद पडले. तरीही लीग तग धरून राहिली, १९४९ मध्ये तिचे 'नॅशनल बास्केटबॉल लीग'शी विलीनीकरण झाले आणि त्यातून आजची एनबीए आकाराला आली. नव्या लीगचा विचार करणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा, कारण 'बास्केटबॉल लोकप्रिय आहे, तेव्हा आणखी एक लीग चालेल' हा युक्तिवाद गुंतवणूकदारांपुढे सर्वाधिक वेळा मांडला जातो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. लोकप्रियतेचा फायदा आधीपासून जम बसलेल्या लीगला मिळतो. नव्या लीगला टिकायचे असेल तर तिला अशी एखादी रिकामी जागा सापडायला हवी, जी भरून निघावी असे कोणाला तरी पैसे मोजण्याइतके वाटते, आणि त्या जागेचे मोल वाढेपर्यंत खर्च आवाक्यात ठेवण्याची शिस्तही हवी.

पहिली पायरी: रिकामी जागा नेमकी कोणती?

रिकामी जागा वेळापत्रकात असू शकते, खेळाडूंच्या कारकिर्दीत असू शकते, एखाद्या प्रदेशात असू शकते किंवा क्रीडागृहाच्या आरक्षण नोंदवहीत असू शकते. यांपैकी कोणती जागा आपण भरणार आहोत, हे एका वाक्यात लिहिता आले नाही तर पुढच्या पायऱ्यांकडे जाण्यात अर्थ नाही.

अलीकडचे सर्वांत स्वच्छ उदाहरण 'अनरायव्हल्ड' या महिलांच्या लीगचे आहे. डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या प्रमुख व्यावसायिक लीगचा, हंगाम उन्हाळ्यात होतो आणि तिथले वेतन अनेक वर्षे मर्यादित असल्याने अव्वल खेळाडू हिवाळ्यात तुर्कस्तान, रशिया, चीन अशा देशांत खेळायला जात असत. नफिसा कॉलिअर आणि ब्रिआना स्ट्युअर्ट या दोन खेळाडूंनी नेमकी ही पोकळी हेरली. जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएच्या विश्रांतीकाळात, त्यांनी मायामीजवळ ६ संघांची तीन विरुद्ध तीन लीग सुरू केली. सरासरी वेतन २ लाख २० हजार डॉलरच्या वर ठेवले आणि खेळाडूंना लीगच्या मालकीत वाटाही दिला. त्या वेळी डब्ल्यूएनबीएचे कमाल वार्षिक वेतनसुद्धा अडीच लाख डॉलरच्या आत होते, हे लक्षात घेतले की अव्वल खेळाडू इतक्या लवकर का जमले याचे कोडे उरत नाही.

पण पोकळी कायम राहत नाही, याचीही उदाहरणे जवळच आहेत. २०२१ मध्ये अटलांटात सुरू झालेल्या 'ओव्हरटाइम एलिट'ने १६ ते २० वर्षे वयाच्या मुलांना किमान १ लाख डॉलर वेतन देऊ केले, कारण अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये खेळाडूला कमाई करता येत नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा वापरून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली आणि या प्रस्तावातले वेगळेपण एका फटक्यात घटले. ओव्हरटाइमने वेतनाऐवजी शिष्यवृत्तीचा पर्याय आणून महाविद्यालयाचा मार्ग मोकळा ठेवला आणि ती टिकली. एनबीएने २०२० मध्ये याच वयोगटासाठी काढलेला 'जी लीग इग्नाइट' हा संघ मात्र २०२४ मध्ये बंद झाला. म्हणून आपली पोकळी कोणत्या एका नियमबदलाने किंवा वेतनवाढीने बुजू शकते, हे आधीच लिहून ठेवावे. अनरायव्हल्डपुढेही हा प्रश्न आहेच, कारण डब्ल्यूएनबीएचे वेतन जितके वाढेल तितके हिवाळ्यातल्या पर्यायी कमाईचे आकर्षण कमी होत जाईल.

दुसरी पायरी: खेळाचे स्वरूप आणि त्याची किंमत

पाच विरुद्ध पाच की तीन विरुद्ध तीन, हा निर्णय आवडीनिवडीचा मानला जातो; वास्तविक तो अंदाजपत्रकाचा पहिला आकडा ठरवतो. पाच जणांच्या प्रकारात संघाला साधारण १२ खेळाडू लागतात, म्हणजे ८ संघांना ९६. तीन जणांच्या प्रकारात संघात ६ खेळाडू पुरतात, म्हणजे ८ संघांना ४८. खेळाडू निम्मे झाले की तेवढ्याच पैशात प्रत्येकाला दुप्पट वेतन देता येते, आणि ज्या लीगची सारी ओळख तिच्या चेहऱ्यांवर उभी असते तिच्यासाठी हा फरक निर्णायक ठरतो. आंतरराष्ट्रीय महासंघ 'फिबा'च्या तीन विरुद्ध तीन प्रकारात सामना १० मिनिटांचा किंवा आधी २१ गुण मिळवणाऱ्याचा असतो, त्यामुळे एका संध्याकाळी अनेक सामने बसवता येतात. उलट बाजूही आहे. खोलवर रचलेले डावपेच, बदली खेळाडूंची फळी आणि दीर्घ सामन्यातली चढउतारांची गोडी या प्रकारात कमी होते, आणि मुरलेल्या प्रेक्षकाला तेच हवे असते.

नियमांतील नावीन्याबद्दल नव्या लीगचे संस्थापक फार उत्साही असतात. इतिहास त्यांच्या बाजूने आहे, पण अर्धाच. तीन गुणांची रेषा, म्हणजे जिच्या बाहेरून केलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात ती, एब सेपरस्टीन यांच्या 'अमेरिकन बास्केटबॉल लीग'ने १९६१ मध्ये व्यावसायिक खेळात आणली, आणि ती लीग दुसरा हंगाम अर्ध्यावर असताना बंद पडली. १९६७ मध्ये सुरू झालेल्या 'अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन'ने, म्हणजे एबीएने, ती रेषा उचलली, जोडीला लाल-पांढरा-निळा चेंडू आणला आणि १९७६ मध्ये डेन्व्हरला स्लॅम डंक स्पर्धाही घेतली; तीही लीग त्याच वर्षी संपली. एनबीएने तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात विनामूल्य स्वीकारली. नियमावर मालकी सांगता येत नाही. चांगला नियम प्रेक्षक आणेल, पण तो दहा वर्षांनी प्रतिस्पर्ध्याकडेही असेल, असे धरूनच चालावे.

नियमबदल करायचाच असेल तर तो खेळातला खराखुरा दोष दूर करणारा असावा. १९५० मध्ये फोर्ट वेन आणि मिनीॲपोलिस यांच्यातला एनबीए सामना १९-१८ असा संपला, कारण फोर्ट वेनचा संघ चेंडू नुसता धरून ठेवत होता. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला: ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, रंगतदार सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० फटके, म्हणजे एका फटक्याला २४ सेकंद. १९५४ मध्ये आलेल्या शॉट क्लॉकने, म्हणजे ठरावीक सेकंदांत फटका मारायला लावणाऱ्या घड्याळाने, खेळ वाचवला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. आजचा तसाच दोष म्हणजे अखेरच्या मिनिटांतले मुद्दाम केलेले फाउल आणि टाइमआउटांची रांग. त्यावर निक एलम यांनी सुचवलेली पद्धत, म्हणजे शेवटच्या टप्प्यात घड्याळ बंद करून एक लक्ष्यगुणसंख्या ठरवणे, 'द बास्केटबॉल टूर्नामेंट'ने वापरली आणि २०२० मध्ये एनबीएच्या ऑल-स्टार सामन्यातही ती दिसली. प्रत्येक सामना विजयी बास्केटवरच संपतो, आणि प्रक्षेपकाच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे.

तिसरी पायरी: घरचे मैदान, फिरती लीग की एकच शहर?

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजा ८ संघ आहेत आणि प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळतो. एकूण ५६ सामने होतात, प्रत्येक संघाचे १४, त्यांतले ७ घरच्या मैदानावर. प्रवासी पथक १८ जणांचे धरले आणि प्रत्येक बाहेरचा सामना स्वतंत्र प्रवासाचा मानला, तर ५६ दौरे आणि १००८ व्यक्ती-प्रवास होतात. शिवाय ५६ वेळा क्रीडागृह भाड्याने घेणे आणि ५६ वेळा प्रक्षेपणाची यंत्रणा उभी करणे आले.

आता फिरती पद्धत घ्या, जिथे सर्व संघ एकाच ठिकाणी जमतात. दिवसाला ४ सामने झाले की ५६ सामने १४ दिवसांत उरकतात. मात्र प्रत्येक मुक्काम एकाच दिवसाचा ठेवला तर १४ मुक्कामांना सर्व १४४ जणांना हलवावे लागते, म्हणजे २०१६ व्यक्ती-प्रवास. घरच्या मैदानाच्या पद्धतीपेक्षा दुप्पट. फिरती लीग स्वस्त असते असे सरसकट म्हटले जाते, ते या हिशेबात टिकत नाही. मुक्काम दोन दिवसांचा केला की ७ मुक्काम आणि १००८ व्यक्ती-प्रवास, म्हणजे प्रवासाचा खर्च जवळपास बरोबरीला येतो आणि बचत क्रीडागृहांच्या आरक्षणात व प्रक्षेपणाच्या मांडणीत होते, कारण ५६ ऐवजी ती ७ वेळाच करावी लागते. पण पाच विरुद्ध पाचचा एक सामना विश्रांती धरून दोन तासांच्या आसपास जातो. चार सामने म्हणजे आठ तास, आणि इतका वेळ प्रेक्षक खुर्चीत बसणार नाही. २०१७ मध्ये आइस क्यूब आणि जेफ क्वाटिनेट्झ यांनी सुरू केलेल्या 'बिग३'ने फिरती पद्धत आणि अर्ध्या कोर्टवरचा तीन विरुद्ध तीन खेळ एकत्र निवडला. दुसरी आणि तिसरी पायरी अशा एकमेकींत अडकलेल्या असतात.

फिरत्या लीगची खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. संघाला गाव नसते, म्हणून हंगामी तिकिटे विकता येत नाहीत, स्थानिक प्रायोजक येत नाहीत आणि 'आपला संघ' ही भावना रुजायला वेळ लागतो. त्यामुळेच बिग३ने पुढे संघांना शहरांशी जोडण्याची दिशा धरली. तिसरा पर्याय एकाच शहरात सारे सामने घेण्याचा. अनरायव्हल्डने पहिल्या हंगामासाठी उभारलेल्या जागेत सुमारे ८५० प्रेक्षकच बसू शकत होते. तो प्रत्यक्षात प्रेक्षकांसह चालणारा दूरचित्रवाणी स्टुडिओच होता, आणि प्रक्षेपण करार हातात असेल तरच असा निर्णय शहाणपणाचा ठरतो.

चौथी पायरी: मालकीची रचना

सुरुवातीला लीगच सर्व संघांची मालक असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डब्ल्यूएनबीएचे सर्व संघ २००२ पर्यंत एनबीएच्याच मालकीचे होते. एकच मालक असला की खेळाडूंची वाटणी, वेतनाची मर्यादा आणि एखादा संघ दुसऱ्या शहरात हलवण्याचा निर्णय एका टेबलावर होतो. स्वतंत्र संघमालकांच्या लीगमध्ये एखादा श्रीमंत मालक तोटा सोसून वेतन चढवतो आणि बाकीचे त्याच्यामागे फरफटत जातात. युरोपातील अव्वल बास्केटबॉलला हा त्रास जुना आहे. रिअल माद्रिद आणि बार्सिलोना यांसारखे संघ बलाढ्य फुटबॉल क्लबांचेच विभाग असल्याने त्यांना नफ्याची तितकी निकड नसते, आणि केवळ बास्केटबॉलवर जगणाऱ्या क्लबला त्यांच्याशी बाजारात स्पर्धा करावी लागते.

फ्रँचायझी विकून सुरुवातीलाच पैसे उभे करण्याचा मोह मोठा असतो. फ्रँचायझी शुल्क हे एकदाच येणारे भांडवल आहे. ते चालू उत्पन्नात धरले की पहिल्या वर्षाचा ताळेबंद देखणा दिसतो आणि दुसऱ्या वर्षी खड्डा पडतो. डब्ल्यूएनबीएने २०२५ मध्ये क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया यांच्या नव्या संघांसाठी प्रत्येकी २५ कोटी डॉलर शुल्क घेतले खरे, पण त्याआधी जवळपास तीन दशके ती लीग चालवली गेली होती. पहिल्याच वर्षी विकलेली फ्रँचायझी बहुधा आयुष्यातल्या सर्वांत कमी भावाला विकलेली असते.

पाचवी पायरी: मान्यता आणि खेळाडूंचे करार

फिबा आणि राष्ट्रीय महासंघ यांची मान्यता ही औपचारिकता समजू नये. एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाणाऱ्या खेळाडूला आधीच्या राष्ट्रीय महासंघाचे मुक्तिपत्र लागते. महासंघाशी वैर असेल तर परदेशी खेळाडू आणणे आणि आपल्या खेळाडूंना राष्ट्रीय संघासाठी पाठवणे, दोन्ही अडते. जपानमध्ये २००५ पासून 'बीजे लीग' ही फुटून निघालेली लीग आणि महासंघाशी जोडलेली दुसरी लीग समांतर चालत होत्या. त्यांचे एकत्रीकरण होईना, तेव्हा फिबाने नोव्हेंबर २०१४ मध्ये जपानच्या महासंघालाच निलंबित केले. फुटबॉलची जे-लीग उभारणारे साबुरो कावाबुची यांच्याकडे सूत्रे दिल्यावर कोंडी फुटली आणि २०१६ मध्ये एकत्रित 'बी-लीग' सुरू झाली. युरोपात २०००-०१ च्या हंगामात क्लबांची नवी युरोलीग आणि फिबाची सुप्रोलीग अशा दोन अव्वल स्पर्धा झाल्या, दोन विजेते ठरले आणि पुढच्याच हंगामात क्लबांची बाजू वरचढ ठरून एकच स्पर्धा उरली. म्हणजे बंड यशस्वी होऊ शकते, पण त्यासाठी सर्वांत बलवान क्लब आपल्या बाजूला असावे लागतात.

खेळाडूंच्या करारांत तीन गोष्टींवर तडजोड करू नये. पहिली म्हणजे संपूर्ण हंगामाचे वेतन हंगामापूर्वीच स्वतंत्र खात्यात किंवा बँक हमीच्या रूपाने ठेवणे. वेतन एकदा थकले की बातमी खेळाडूंच्या प्रतिनिधींमध्ये काही तासांत पसरते आणि पुढच्या वर्षी चांगला खेळाडू येत नाही. दुसरी म्हणजे वाद मिटवण्याचे कलम. फिबाने २००७ मध्ये जिनिव्हात स्थापलेले, आज 'बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल' नावाने चालणारे लवाद मंडळ करारात नमूद केले तर परदेशी खेळाडूंचा विश्वास बसतो. तिसरी म्हणजे दुखापतीचा विमा. मूळ लीगशी करारबद्ध खेळाडू तिच्या विश्रांतीकाळात आणायचे असतील तर त्या करारांत बाहेर खेळण्यावर कोणती बंधने आहेत, हे वकिलाकडून एकेका खेळाडूसाठी तपासून घ्यावे.

एबीएने खेळाडूंना दिलेल्या अवाढव्य करारांच्या बातम्या झाल्या, पण त्यांतला बराचसा पैसा वर्षानुवर्षे पुढे ढकललेल्या हप्त्यांनी देय होता. असा मथळा मिळवण्यापेक्षा लहान, पण रोख आणि वेळेवर दिलेले वेतन अधिक कामाचे.

सहावी पायरी: प्रक्षेपण

महिलांच्या दोन अमेरिकी लीगची तुलना या पायरीचे सारे म्हणणे सांगते. 'अमेरिकन बास्केटबॉल लीग' या नावाचीच महिलांची लीग ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाली. १९९६ च्या सुवर्णपदक विजेत्या अमेरिकी संघातल्या अनेक खेळाडू तिच्याकडे होत्या, वेतन सरस होते आणि हंगाम हिवाळ्यातला, म्हणजे खेळाचा नैसर्गिक हंगाम होता. डब्ल्यूएनबीए १९९७ च्या उन्हाळ्यात आली, तेव्हा तिच्याकडे एनबीएची रिकामी क्रीडागृहे, प्रायोजकांचे जुने संबंध आणि एनबीसी, ईएसपीएन व लाइफटाइम या वाहिन्यांवरची जागा होती. खेळाचा दर्जा पहिलीचा कमी नव्हता; तरीही डिसेंबर १९९८ मध्ये, तिसऱ्या हंगामाच्या मध्यावर, तिने कामकाज थांबवले.

नव्या लीगला पहिल्या वर्षी प्रक्षेपण हक्कांचे पैसे मिळतील, असे धरू नये. बहुधा उलटेच घडते: चित्रीकरणाचा खर्च लीगच करते आणि वाहिनी फक्त वेळ देते. २०२५-२६ पासून लागू झालेला एनबीएचा ११ वर्षांचा, सुमारे ७६ अब्ज डॉलरचा करार पाहून अंदाज बांधणे निरर्थक आहे. पहिल्या करारात पैशापेक्षा तीन गोष्टी मागाव्यात: आठवड्यात ठरलेला दिवस आणि वेळ, लहान चित्रफिती स्वतःच्या माध्यमांवर तत्काळ टाकण्याचा अधिकार, आणि संपूर्ण चित्रसंग्रहाची कायम मालकी. ओव्हरटाइमने लीग काढण्यापूर्वी २०१६ पासून शालेय खेळाडूंच्या चित्रफितींवर तरुण प्रेक्षकवर्ग जमवला होता. आधी प्रेक्षक, मग लीग, हा क्रम ज्याला जमेल त्याच्या हाती प्रायोजकांपुढे ठेवण्यासाठी ठोस काही असते.

सातवी पायरी: भांडवल आणि थांबण्याच्या अटी

अंदाजपत्रक तीन हंगामांचे करावे आणि प्रक्षेपण उत्पन्न शून्य धरावे. तिकीटविक्री पहिल्या सामन्याच्या गर्दीवरून मोजू नये; उद्घाटनाला उत्सुकता येते, चौथ्या-पाचव्या आठवड्यातल्या उपस्थितीवर हिशेब बसवावा, आणि त्यातही फुकट वाटलेली तिकिटे वेगळ्या रकान्यात दाखवावीत. गुंतवणूकदाराने फक्त वचन दिलेली रक्कम भांडवलात धरू नये. 'अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल' ही लीग फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली आणि मुख्य गुंतवणूकदाराने हात आखडता घेतल्यावर एप्रिलच्या सुरुवातीलाच, पहिला हंगाम पूर्ण होण्याआधी, बंद पडली. खेळ वेगळा असला तरी हिशेब तोच आहे. एका हंगामाचा पूर्ण खर्च बँकेत जमा नसेल तर तो हंगाम जाहीरच करू नये.

कोणत्या आकड्यांखाली गेलो तर पुढचा हंगाम होणार नाही, तेही आधी ठरवावे: सशुल्क प्रेक्षकांची सरासरी, पुन्हा करार करणाऱ्या प्रायोजकांचे प्रमाण, परत येऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंचे प्रमाण. हंगामांमधल्या विश्रांतीत सन्मानाने थांबता येते. मध्यावर थांबलेल्या लीगमागे मात्र थकलेले वेतन, तिकिटांचे परतावे आणि कोर्टकचेऱ्या उरतात.

आठवी पायरी: शेवट आधी लिहून ठेवणे

पर्यायी लीगचे भवितव्य साधारण तीन प्रकारचे असते: छोटी पण नफ्यातली लीग म्हणून टिकणे, मोठ्या लीगमध्ये विलीन होणे, किंवा बंद पडणे. १९७६ च्या विलीनीकरणात एबीएचे डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क नेट्स आणि सॅन अँटोनियो हे ४ संघ प्रत्येकी ३२ लाख डॉलर भरून एनबीएत गेले. नेट्सला त्याखेरीज न्यूयॉर्क निक्सला ४८ लाख डॉलर नुकसानभरपाई द्यावी लागली आणि पैशासाठी त्यांनी ज्युलियस अर्व्हिंगसारखा खेळाडू ३० लाख डॉलरला विकला. बाहेर राहिलेल्या केंटकी कर्नल्सच्या मालकाने सुमारे ३० लाख डॉलर रोख घेऊन संघ बंद केला. सेंट लुईसच्या सिल्ना बंधूंनी थोड्या रोख रकमेसोबत त्या ४ संघांच्या दूरचित्रवाणी उत्पन्नाचा एक सप्तमांश हिस्सा, कायमस्वरूपी, मागून घेतला. त्या काळी तो हिस्सा किरकोळ वाटत होता. त्यांनी त्यावर पुढची सुमारे चार दशके उत्पन्न घेतले आणि २०१४ मध्ये त्याच्या तडजोडीपोटी एनबीएने त्यांना सुमारे ५० कोटी डॉलर दिले.

म्हणून भागधारक करारात विलीनीकरणाचे कलम पहिल्याच दिवशी हवे: प्रस्ताव मान्य करायला किती टक्के मते लागतील, सर्व संघ घेतले गेले नाहीत तर बाहेर राहणाऱ्यांना काय मिळेल, खेळाडूंच्या समभागांचे मूल्य कोण ठरवेल, आणि चित्रसंग्रह, संघांची नावे व बोधचिन्हे कोणाकडे जातील. खरेदीदार समोर येऊन बसल्यावर संघमालकांचे हितसंबंध वेगवेगळे झालेले असतात, आणि तेव्हा हे कलम एकमताने लिहिले जाणे जवळपास अशक्य असते.